नकाराची चिठ्ठी

फोन वाजला तेव्हा बाबा एकशे ब्याऐंशीवर होते. डाव्या हातानं तांब्याची तार ताणून धरायची, उजव्यानं मशीनची मूठ फिरवायची आणि साच्यावर चढणारा एकेक वेढा ओठांतल्या ओठांत मोजायचा, या कामात असताना जगबुडी झाली तरी ते मान वर करत नसत. आज त्यांनी मूठ सोडली. साचा दोन वेढे उलटा फिरला आणि तार सैल पडली. फडक्याला हात पुसत ते उठले, उठताना डावी मूठ पोटाखाली दाबून धरली, आणि रिसीव्हर उचलण्याआधी घसा साफ केला.

"नमस्कार. कोण बोलतंय आपण?"

दाराशी बसून दुरुस्तीला आलेल्या वस्तूंना नंबर बांधणाऱ्या ठकीनं वर पाहिलं नाही. दुसऱ्या वाक्याला बाबांचा आवाज उतरला, तेवढं तिला पुरलं.

"हां. मिक्सर ना? झालाय. संध्याकाळी न्या."

ते परत येऊन बसले. सैल पडलेली तार त्यांनी बोटांत धरून पाहिली, पक्कड घेतली आणि सगळी कापून काढली.

"एकशे ब्याऐंशी झाले होते, बाबा."

"ताण गेला की मोजलेलं काही कामाचं नाही. पंधरा दिवसांत परत जळेल." त्यांनी तारेचं नवं टोक साच्यात अडकवलं. "एक."

बत्तीस वर्षं या दुकानातला फोन उचलला की बाबा एकच वाक्य म्हणत आले होते : "बोला, काय जळलं?" जळलेल्या मोटारी पुन्हा भरून देणं हा धंदा. पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या. लोकांना त्या वाक्याचं हसू येई. शेजारचे चष्मेवाले काका म्हणत, या माणसाला अग्निशामक दलानं घ्यायला हवं होतं. गेल्या चार महिन्यांत मात्र ते वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. न जाणो, विद्यापीठातून फोन यायचा आणि आपण 'काय जळलं' म्हणून बसायचो. पोरीची शोभा व्हायची.

पोरगी म्हणजे ठकी. सव्वीस वर्षांची, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर काम करणारी. लहानपणी लाकडी बाहुलीएवढी होती म्हणून घरात हे नाव पडलं आणि मग ते चिकटलंच. चार महिन्यांपूर्वी तिनं संशोधनाच्या प्रवेशासाठी मुलाखत दिली. अर्जावर संपर्काचा नंबर दुकानाचा लिहिला, कारण तिच्या मोबाइलची काच फुटली होती आणि आलेला फोन दहादा बोट घासल्याशिवाय उचलता येत नसे. दुकानाचा नंबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, पाटी रंगवली तेव्हापासून तोच.

मुलाखत वीस मिनिटांची ठरलेली, चालली पन्नास मिनिटं. समोर तिघे जण होते. तारेवर जो पातळ लेप असतो तो उष्णतेपुढे नेमका कधी हार मानतो, यावर तिला काम करायचं होतं. मोटार कितपत जळलीय हे माझे वडील नुसत्या वासावरून सांगतात आणि त्यांचं सहसा चुकत नाही, तर त्या वासात नेमकं काय असतं ते मला मोजायचंय, असं ती म्हणाली. तेव्हा मधले पांढऱ्या दाढीचे सर खुर्ची पुढे ओढून बसले. हे सगळं कुठं शिकलात, त्यांनी विचारलं. वडिलांच्या दुकानात, ती म्हणाली. ते हसले, आणि ते हसणं चांगलं होतं, घरी येईपर्यंत तिच्याबरोबर राहिलं. निघताना दारापर्यंत येऊन ते म्हणाले होते, "आम्ही कळवू."

बाबांच्या लेखी ते दोन शब्द म्हणजे स्टॅम्पपेपर. कारण त्यांचा स्वतःचा शिरस्ता तसाच होता. जी मोटार पुन्हा भरता येणार नाही तिच्या मालकाला दोन दिवसांच्या आत चिठ्ठी मिळायचीच. फार पूर्वी एक गिऱ्हाईक तीन महिन्यांनी उगवलं आणि मला कोणी सांगितलंच नाही म्हणून भर बाजारात भांडलं, तेव्हापासूनची ही पद्धत. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे चिठ्ठ्या ठकी लिहायची, अगदी तिसरीत होती तेव्हापासून. मजकूर ठरलेला : 'आपली मोटार नीट पाहिली. ती दुरुस्त होणार नाही. आपल्याला वाट पाहावी लागली, क्षमस्व.' त्याखाली गिऱ्हाइकानं 'समजलं' असं लिहून सही करायची आणि वस्तू घेऊन जायची. सही झालेली चिठ्ठी दुकानात राही, टेबलावरच्या उभ्या सळईत खुपसलेली.

"दुरुस्त करायला अक्कल लागते," बाबा म्हणत. "नाही म्हणायला नुसतं तोंड लागतं. ते तर देवानं सगळ्यांना दिलंय."

मुलाखतीनंतर नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, बाबा शटर ओढून एका पंपाची मोटार पोचवायला गेले. अर्ध्या तासाचं काम. परत आले तर चष्मेवाले काका दारातच होते.

"तुमचा फोन वाजत होता बरं का. लागोपाठ तीनदा वाजला. कोणाला तरी फार घाई होती."

फोन जुना, कोणाचा आला होता ते दाखवायची त्यात सोय नाही. एवढंच घडलं होतं, पण त्या मंगळवारपासून बाबा दुकानातून हलले नाहीत. पोचवायची कामं बंद झाली. जेवणाचा डबा दुकानात येऊ लागला. सुटीच्या दिवशीही अर्धं शटर वर असे आणि त्याखाली बाबांचे पाय दिसत. महिना गेला, दुसरा गेला. ठकीनं विभागाला तीन मेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. बाबांचा हिशेब त्यामुळे आणखी पक्का झाला : लिहून काही येत नाही, म्हणजे ही मंडळी फोनच करणारी.

आणि याच दिवसांत बाबांचा हर्निया लिंबाएवढा झाला. डॉक्टरांनी ठकीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन साधं आहे, पण टाळत राहिले आणि आतडं अडकलं तर तुम्हाला माझ्यापर्यंत पोचायला वेळ मिळायचा नाही. तीन दिवस दवाखान्यात राहायचं, महिनाभर जड उचलायचं नाही. तारीख दोनदा ठरली. दोनदा बाबांनी ती पुढं ढकलली.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," आई म्हणाली. "तीन दिवस मी बसते की दुकानात. फोन उचलायला काय इंजिनिअर लागतो?"

"आणि त्यांनी काही इंग्रजीत विचारलं तर?"

"तर सांगेन, थांबा, बोलावते. तुमच्यासारखी घसा खाकरत नाही बसणार."

बाबा हसले. पण तारीख काही घेतली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी ठकीला खरं ते कळलं, आणि तेही कोणी सांगितलं म्हणून नव्हे. विभागाच्या पानावर नव्या तुकडीचा फोटो आला होता. पायऱ्यांवर आठ जण, मधोमध पांढऱ्या दाढीचे सर. तिनं फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला. आपण त्यात असूच शकत नाही हे माहीत असून पाहिला. मग प्रयोगशाळेच्या मागच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबून ती रडली. पन्नास मिनिटं त्यांनी तिला बोलू दिलं होतं. जन्मात पहिल्यांदा कोणी तरी तिच्या डोक्यातलं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि त्यांच्याकडे तिच्यासाठी एक ओळ नव्हती. तोंड धुऊन ती विद्यार्थ्यांच्या काचेच्या नळ्या मोजायला परत आली.

संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं.

"बाबा, मला घेतलं नाही."

"कोण म्हणालं?"

"म्हणालं कोणी नाही. पण आठ जणांचा फोटो आलाय. त्यांचे वर्ग सुरू होऊन महिना झाला."

"फोटोचं काय घेऊन बसलीस. नाही म्हणायचं असतं तर कळवलं असतं. एवढी शिकलेली माणसं. अगं, आपण पंखेवाल्याला कळवतो, ठके." नखांतलं वार्निश ते बराच वेळ खरवडत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्यांनी फोन केला होता. तीनदा केला. मी नव्हतो. मग दिली असेल पुढच्याला. पण कोणी तरी सोडतं मध्येच, जागा होते रिकामी. परत करतील. या खेपेला मी असेन."

आपलं दुःख ठकीनं कसंबसं गिळलं असतं. पण ते आपल्याच हातून घडलं असं समजून हा माणूस चार महिने कोणाला न सांगता झुरत होता, आणि पोटातलं लिंबू मुठीनं आत दाबत फोनची राखण करत होता. ते तिला बघवत नव्हतं. पंधरा दिवस तिनं समजावलं. आज तो मिक्सरवाल्याचा फोन आला, बाबांनी एकशे ब्याऐंशी वेढे कापून टाकले, आणि तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती विद्यापीठाच्या बसमध्ये बसली. तिला आता प्रवेश नको होता. नकार हवा होता, लेखी, जमल्यास शिक्क्यासकट.

विभागाच्या कार्यालयातल्या बाई चांगल्या निघाल्या, हेच वाईट झालं. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी खुर्ची दिली, संगणकावर यादी काढली, बोटानं तिची ओळ शोधली.

"आहे की तुमचं नाव. मुलाखतीला एकवीस जण होते. तुमच्यापुढचा रकाना रिकामा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. निवड झाली त्यांच्यापुढे 'निवड' असं असतं. बाकीचे रिकामे."

"मग निवड झाली नाही असं लिहून द्याल? एक ओळ पुरे."

"तसा नमुनाच नाही हो आमच्याकडे. निवड झाल्याचं पत्र असतं. न झाल्याचं..." त्यांनी खरोखरच खण उघडून आत पाहिलं. "कधी कोणी मागितलंच नाही. लोकांना आपोआप कळतं."

"किती दिवसांनी कळतं?"

बाईंनी खण बंद केला.

"बरं, एवढं सांगा," ठकी म्हणाली. "मुलाखतीनंतरच्या आठवड्यात, मंगळवारी, इथून मला कोणी फोन केला होता?"

"छे. फोन आम्ही कोणालाच करत नाही. निवड झाली की मेल जातो."

"मग तेवढं लिहून द्या. फोन केला नव्हता म्हणून."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "न केलेल्या गोष्टीचं कसं लिहून देऊ, बाळा? उद्या माझ्या सहीबद्दल मलाच विचारतील लोक."

ती बाहेर आली तर व्हरांड्यातून पांढऱ्या दाढीचे सर समोरून येत होते. पुढे गेले, थांबले, वळले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे! तुम्ही त्या वासाच्या ना? जळलेल्या मोटारीच्या?"

"हो, सर."

"काय सुंदर मुलाखत झाली होती तुमची! परवाच वर्गात सांगत होतो मी सगळ्यांना. मग, सध्या कुठं लागलात?"

त्यांच्या डोळ्यांत खोटं काहीच नव्हतं. ते तिला विसरले नव्हते, फक्त तिला काही कळवायचं राहिलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अजून कळलं नाही, सर," ठकी म्हणाली.

"कळेल, कळेल," ते मायेनं म्हणाले आणि वर्गात शिरले. दार लागलं. आत खुर्च्या सरकल्या, कोणी तरी हसलं. ठकी थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मग बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

दुकानाशी पोचली तेव्हा बाबा जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून. चेहरा पांढराफटक. बाजूला पंपाची मोटार आडवी पडलेली आणि चष्मेवाले काका एका पुठ्ठ्यानं वारा घालत होते.

"उचलायला गेले," काका म्हणाले. "मी ओरडेपर्यंत उचललीसुद्धा."

"बसलं आत," बाबा म्हणाले. "झोपलो, ढकललं, बसलं. काही नाही आता."

काका पाणी आणायला गेले. ठकी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मी विचारून आले, बाबा. ते फोन करतच नाहीत कोणाला."

"कोणाला विचारलंस?"

"कार्यालयातल्या बाईंना."

"त्यांना काय ठाऊक? सरांनी स्वतः केला असेल. तूच म्हणालीस ना, दारापर्यंत आले होते." त्यांना धाप लागली. "लिहून दिलं का त्यांनी काही?"

"नाही."

"मग थांबू थोडं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत प्रयोगशाळा रिकामी झाली आणि ठकी संगणकापाशी बसली. पहिल्यांदा तिनं लिहिलं : 'जागा आठ होत्या. आपण नवव्या होतात.' वाचून तिला बरं वाटलं. मग लक्षात आलं, नववी म्हटलं की बाबा आठातलं एक गळण्याची वाट बघत बसतील. तिनं ते खोडलं. मग कारण द्यावं असं वाटलं. 'आपला विषय चांगला होता, पण' इथपर्यंत आली आणि अडकली. पणच्या पुढं काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. 'आपली तयारी कमी पडली' असं लिहून पाहिलं. ते खरंही असेल असं वाटलं, आणि त्या एका ओळीनं फोटोपेक्षा जास्त दुखवलं. तेही खोडलं. अजून कुठं तरी, मनाच्या अगदी तळाशी, ती स्वतःसुद्धा वाट बघत होती, हे तिला त्या खुर्चीत बसून कळलं. कारण पुढचं वाक्य लिहायला तिची बोटं धजेनात.

शेवटी झालं ते असं :

'आपली मुलाखत आम्ही लक्षपूर्वक ऐकली. आपली निवड झालेली नाही. यादी बंद झाली असून यापुढे कोणालाही बोलावले जाणार नाही. आपल्याला कधीही फोन केलेला नव्हता, त्यामुळे तो चुकण्याचा प्रश्न येत नाही. आपल्याला वाट पाहावी लागली, क्षमस्व.'

शेवटचं वाक्य बोटांनी आपलं आपण लिहिलं. खाली विभागाचं नाव टाकून तिनं कागद छापला, पाकिटात घातला आणि संध्याकाळी दुकानात येऊन बाबांच्या समोर ठेवला.

"घरी आलंय. टपालानं."

बाबांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. चष्मा लावला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. बोट सावकाश सरकत होतं. चौथ्या वाक्याशी थांबलं, परत मागे आलं, पुन्हा पुढं गेलं. शेवटच्या वाक्यावर आलं आणि तिथंच राहिलं. ठकी एका मिक्सरच्या नंबराची गाठ सोडून पुन्हा बांधत होती.

"छापील आहे," बाबा म्हणाले.

"हो."

"चांगली माणसं आहेत. उशिरा का होईना, कळवलं."

कानावरचं पेन काढून त्यांनी कागद सपाट केला. क्षमस्वच्या खाली, मोठ्या वाकड्या अक्षरांत, एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं : 'समजलं'. त्याखाली सही केली, तारीख घातली. मग तो कागद त्यांनी पाकिटात परत घातला नाही, ठकीकडेही दिला नाही. टेबलावरची सळई जवळ घेतली आणि दुकानानं दिलेल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर तो खुपसला.

ठकीच्या हातातला दोरा खाली पडला. तिनं तोंडावर हात घेतला, पण उपयोग झाला नाही. चार महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं, मोठ्यानं, लहान मुलासारखं. बाबा उठले, मूठ पोटाखाली दाबून दोन पावलं आले आणि वार्निशाचा हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"आईला सांग पिशवी भरायला," ते म्हणाले. "सकाळीच जाऊ."

फोन वाजला. एकदा, दोनदा. बाबांनी घाई केली नाही. हात पुसले नाहीत, घसा साफ केला नाही. तिच्या डोक्यावरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी रिसीव्हर उचलला.

"बोला," ते म्हणाले. "काय जळलं?"